वरचा जबडा काढल्यानंतर इम्प्लांटवर दात: अण्णांसाठी काय निवडावं? (सांगली-मिरज परिसर)

द्राक्षबाग_सावळज

नमस्कार मंडळी. इथे नुसता वाचक असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमच्या अण्णांना (वय 63) 2021 मध्ये कोविड झाला आणि त्याच्या पाठोपाठ म्युकर (काळी बुरशी). साखर आधीपासूनची, त्यात स्टेरॉइड. दोन्ही बाजूंचा वरचा जबडा टाळूसकट काढावा लागला. डोळे वाचले. ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं, मग पोसाकोनॅझोलच्या गोळ्या, सगळं झालं. नंतरच्या स्कॅनमध्ये काही निघालं नाही. आता बागेत पहिल्यासारखे जातात, छाटणीला स्वतः उभे राहतात.

अडचण खाण्याबोलण्याची आहे. टाळूच्या भोकात बसणारी दातांची प्लेट दिलीय, डॉक्टर तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. ती पावडर लावून कशीबशी टिकते. बोलताना सरकते, हसले की खाली येते, पाणी प्यायले की नाकातून. भाकरी आमटीत कुस्करून तिचा काला करून गिळतात. लग्नाच्या पंगतीला बसणं कधीच सोडलंय. फोनवर त्यांचं बोलणं फक्त आईला कळतं.

तीन ठिकाणी दाखवलं. एकांनी चार झायगोमॅटिक इम्प्लांट (गालाच्या हाडात बसवायचे धातूचे लांब स्क्रू) सांगितले. दुसऱ्यांनी सीटी स्कॅनवरून टायटॅनियमचा सांगाडा बनवून बसवू म्हणाले. तिसरे म्हणाले, काही करू नका, नवी प्लेट करून घ्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.6 आहे. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा. आणि सांगलीच्या जवळपास होतं का, की पुण्या-मुंबईलाच जायचं?

---

हळद_पेठ

दादा, आधी अंदाजपत्रक लेखी घ्या तिघांकडून. बाकी जाणकार बोलतीलच. वाचतोय.

---

दाढदुखी

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दात करणारा दंतवैद्य) आहे, याच भागात काम करतो. तोंड बघितल्याशिवाय सल्ला देता येत नाही, तेव्हा हे निदान समजू नका. पण तीन डॉक्टरांची तीन मतं का पडली, ते सांगता येईल. माझ्या मते तिघांपैकी कुणीच चुकीचं सांगितलेलं नाही.

प्लेट का पडते ते आधी बघा. साधी पूर्ण कवळी टाळूला चिकटून बसते आणि हिरडीच्या उंचवट्यावर टेकते. अण्णांना टाळूही नाही आणि उंचवटाही नाही. एका बाजूचाच जबडा गेला असता तर दुसऱ्या बाजूच्या दातांना तारेचे हूक अडकवून प्लेट छान धरून ठेवता आली असती. इथे धरायला काहीच नाही, आणि प्लेटचं स्वतःचं वजन तिला खाली ओढतंय. पावडर बदलून किंवा नवी प्लेट करून थोडा फरक पडेल, पण मूळ अडचण तशीच राहील. म्हणून आधार हवा, म्हणजे इम्प्लांट.

आता आधार कुठल्या हाडात घ्यायचा? नेहमीचे इम्प्लांट साधारण 8 ते 14 मिलिमीटर लांब असतात आणि ते दाताच्या हाडात बसतात. ते हाड गेलं. त्यानंतरचं भक्कम हाड म्हणजे गालाचं, झायगोमा. तिथपर्यंत पोचायला 30 ते 52.5 मिलिमीटर लांबीचे इम्प्लांट लागतात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात 1950 च्या दशकात आलं, 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लांट बसवले. गालाच्या हाडातले लांब इम्प्लांटही त्यांच्याच कामातून आले, आणि कर्करोगाने किंवा अपघाताने जबडा गेलेले रुग्ण सुरुवातीपासून त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

जाहिरातीतल्या 'तीन दिवसांत पक्के दात' या झायगोमॅटिकमध्ये आणि अण्णांच्या झायगोमॅटिकमध्ये मोठा फरक आहे. ज्याचा जबडा शाबूत पण झिजलेला आहे, त्याच्यात इम्प्लांटला खाली हिरडीजवळच्या हाडाचा आणि वर गालाच्या हाडाचा असा दोन्हीकडे आधार मिळतो. जबडा काढलेल्या माणसात फक्त वरचं टोक हाडात असतं, बाकी लांब दांडा पोकळीत मोकळा. चावताना त्याच्यावर तरफेसारखा जोर येतो. म्हणून चारही इम्प्लांट एका ताठ धातूच्या पट्टीने, बारने, एकमेकांना बांधणं इथे सक्तीचं आहे. आणि आधी बघायचं की गालाचं हाड तरी किती उरलंय. म्युकर तिथपर्यंत गेलेला असतो पुष्कळदा.

ते हाड कमी असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा मार्ग, म्हणजे त्या माणसाच्याच सीटीवरून आखलेलं आणि थ्रीडी प्रिंट केलेलं टायटॅनियम. ते उरलेल्या हाडांवर बऱ्याच बारीक स्क्रूंनी बसवतात, जोर वाटला जातो, खोल ड्रिलिंग टळतं. म्युकरच्या लाटेनंतर आपल्याकडे असं काम बरंच वाढलं. कमतरता सांगायची तर वरची त्वचा पातळ पडली की धातू उघडा पडतो, जंतुसंसर्ग झाला तर सगळा सांगाडाच काढायची वेळ येऊ शकते, आणि दहा-पंधरा वर्षांनी याचं काय होतं याचा अनुभव झायगोमॅटिकइतका जुना नाही.

तिसरे डॉक्टर 'काही करू नका' का म्हणाले असतील? 8.6 साखर आणि दोन बोटं तोंड. लांब ड्रिल आत घालायला तोंड उघडावं लागतं हो! तीन बोटं उभी जातील इतकं उघडलं तर सर्जनचं काम सुखाचं होतं. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची थप्पी दातांमध्ये धरून रोज एकेक काडी वाढवायची, हा स्वस्तातला व्यायाम आहे. अण्णांना वर दात नाहीत, तेव्हा प्लेट घालून किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून करा. साखर सातच्या आसपास आणा. हे दोन्ही जमलं की तिसरे डॉक्टरही कदाचित वेगळं बोलतील.

---

मिरजेचा_तंबोरा

दादा, तुमच्या अण्णांच्या जागी मी होतो. म्युकरच, 2021 च. मला चार झायगोमॅटिक, त्यावर बार, आणि बारवर क्लिपने टक्कन बसणारी काढघालीची प्लेट आहे.

पहिलं सांगतो ते आवाजाचं. मी भजनात साथ करतो, कधी दोन अभंग म्हणतोही. प्लेट नसली की 'प' आणि 'ब' म्हणायला गेलं तरी 'म' येतो. पांडुरंगाचा मांडुरंग! हवा तोंडात कोंडतच नाही, नाकाने निघून जाते. जुनी प्लेट होती तेव्हा एक ओळ म्हटली की जिभेने ती वर ढकलायची, मग पुढची ओळ. आता ते गेलं. पहिल्यासारखा आवाज म्हणाल तर नाही, पण बसल्या जागेवरून माईकशिवाय शेवटच्या माणसाला शब्द कळतो.

खाण्याचं: भाकरी मोडून, भाजीत बुडवून, पण चावून. मटण बारीक केलेलं. भडंग मात्र नाही. त्यातले दाणे आणि लसणाचे तुकडे प्लेटच्या कडेने वर जाऊन बसतात, मग दिवसभर नाकात लसूण. सांगलीकराला हा मोठा दंड आहे.

ऑपरेशननंतर गाल इतके सुजले की घरच्यांनी आरसा दिला नाही. डोळ्यांभोवती काळंनिळं. उजव्या गालाचा एक भाग अजून बधिर आहे, दाढी करताना तिथे जपतो. आणि सफाईचा कंटाळा असेल तर या भानगडीत पडूच नका. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने पोकळी धुणं, नाकातल्या खपल्या काढणं, बारच्या खालून छोट्या टोकाचा ब्रश फिरवणं, पाण्याच्या पिचकारीचं मशीन. मी कंटाळलो तर मंडळी ओरडते. एक स्क्रू ढिला झाला होता, प्लेट कुरकुरायला लागली तेव्हा कळलं. पंधरा मिनिटांचं काम, पण ते करणारा माणूस जवळ असावा लागतो.

---

हळद_पेठ

@तंबोरा, खर्च विचारला तर चालेल का? आकडा नको, अंदाज.

---

मिरजेचा_तंबोरा

साधी प्लेट हजारांत, हे लाखांत. एवढंच. बहिणीच्या नवऱ्याने सोसायटीतून कर्ज काढून दिलं, ते अजून फिटतंय.

---

कृष्णाकाठची

माझी शंका बावळट वाटेल, पण विचारते. ज्या बुरशीने हाड खाल्लं, त्याच जागी पुन्हा धातू ठोकायचा म्हणजे बुरशीला आमंत्रण नाही का? माझ्या चुलत दिरांना याच भीतीपोटी घरच्यांनी नको म्हटलं.

---

दाढदुखी

बावळट अजिबात नाही, ओपीडीत निम्मे नातेवाईक हेच विचारतात. या बुरशीचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजक्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात. आपण रोज ते श्वासातून घेतो आणि काही होत नाही. रोग होतो तो साखर बेताल झाली, स्टेरॉइड चालू आहेत, प्रतिकारशक्ती ढासळली अशा वेळी. धातूमुळे म्युकर येत नाही. खरी भीती आहे ती आधीचाच रोग कुठल्या कोपऱ्यात शिल्लक असण्याची. म्हणून बहुतेक सर्जन आजार संपल्यावर काही महिने थांबतात, पुन्हा सीटी किंवा एमआरआय करतात, संशय असला तर तुकडा तपासायला पाठवतात. अण्णांच्या बाबतीत एवढा काळ मध्ये गेलाय, ही जमेची बाजू.

याच कारणासाठी माझा कल काढघालीच्या प्लेटकडे असतो. पक्के बसवलेले दात दिसायला रुबाबदार, पण टाळूचं भोक बुजवलेलं नसेल तर त्यांच्या वर काय चाललंय ते दिसत नाही आणि नीट धुताही येत नाही. प्लेट काढली की टॉर्च मारून अख्खी पोकळी बघता येते. काही रुग्णांना 'काढघालीचे' म्हटलं की हलक्या प्रतीचं वाटतं. या आजारात तसं मुळीच नाही.

---

अनघा_सातारा

आमची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण धाग्यात असलेली बरी.

आईला मिश्रीची सवय, लग्नाच्या आधीपासूनची. वरच्या हिरडीचा कर्करोग निघाला. उजव्या बाजूचा जबडा काढला, नंतर 30 बैठकांत 60 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप) रेडिएशन. मी नेटवर वाचून इम्प्लांटचा हट्ट धरला होता. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे बसवून सांगितलं की रेडिएशन लागलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण वाढतं, आणि हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो. आईचे डावीकडचे दात शाबूत होते. कोबाल्ट-क्रोम धातूच्या सांगाड्याची प्लेट त्या दातांना हुकांनी अडकवून दिली. आई पाच तोंडांनी बोलते आता! वाई-साताऱ्याच्या सगळ्या लग्नांत जाते.

आता सगळी मदार त्या डावीकडच्या दातांवर. रेडिएशननंतर लाळ कमी झाली, तोंड कोरडं, आणि कोरड्या तोंडात दात मुळापासून किडतात. रोज रात्री फ्लुराइडची जेली ट्रेमध्ये घालून दातांवर ठेवायची. मिश्रीचा डबा मी स्वतः उकिरड्यावर रिकामा केला. शेजारणीने लगेच नवा आणून दिला, तिच्याशी माझं बोलणं बंद आहे.

ज्यांचं रेडिएशन झालंय त्यांनी किती ग्रे आणि नेमका कुठला भाग, हा कागद रेडिएशन विभागातून मागून घ्यावा. पुढे साधा दात काढायचा असला तरी तो लागतो.

---

दाढदुखी

अनघाताई, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. त्यात एक भर: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, किंवा कर्करोग हाडांत पसरल्यावर दर महिन्याला देतात ती औषधं, कधीही घेतली असतील तर दंतवैद्याला आपणहून सांगा. कुठल्याही जबड्याच्या कामाआधी, कारण यांनीही जबड्याचं हाड कुजू शकतं. फाइलमध्ये ते बऱ्याचदा हाडांच्या डॉक्टरकडच्या कागदावर असतं, आमच्यापर्यंत येतच नाही.

---

ऊसतोड_नव्हे_दाढतोड

पायाचं हाड काढून जबडा करतात असं ऐकलंय. ते का नाही?

---

दाढदुखी

करतात. नडगीशेजारचं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्या आणि कातडीसकट काढून वर आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. भोक कायमचं बंद, आणि त्या हाडात नेहमीचे इम्प्लांट बसतात. तरुण माणसासाठी, कर्करोगात, अपघातात उत्तम. चालण्यावर फारसा परिणाम होत नाही. पण ऑपरेशन आठ-दहा तासांचं, रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तर सगळं हाड वाया. मधुमेहाने पायाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या असतील तर तिथून हाड घेता येत नाही, आधी तपासणी करावी लागते. आणि पायाची कातडी तोंडात जाडच राहते, इम्प्लांटभोवती फुगते, मग ती पातळ करायची आणखी एक पायरी. 63 व्या वर्षी, या साखरेला, मी पहिला पर्याय म्हणून सांगणार नाही.

---

हळद_पेठ

आता पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख आहे, पण मर्यादा म्हणजे सगळं मिळतं असं नव्हे. ठरलेल्या उपचारांची यादी असते. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला उपचाराचं नाव लिहून द्या आणि यादीत बसतं का ते बघायला सांगा. डॉक्टर म्हणाले, कंपाउंडर म्हणाला, यावर विसंबू नका. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचा अर्ज वेगळा, त्याला दवाखान्याचं अंदाजपत्रक लागतं. ट्रस्टांकडेही तेच मागतात, म्हणून मी वर लेखी घ्या म्हटलं.

त्या कागदात काय काय धरलंय ते बघा. नुसत्या इम्प्लांटचा आकडा सांगतात, मग भूल वेगळी, बार वेगळा, प्लेट वेगळी. माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं, एका दवाखान्यात (नाव घेत नाही) दात बसायच्या दिवशी बार 'त्यात नव्हता' कळलं.

इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, त्यावर कंपनी, लांबी, बॅच नंबर. ते फाइलला चिकटवून मागा. पुढे कुठल्याही गावात स्क्रू कसायचा झाला तर कुठल्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर लागेल ते त्यावरून कळतं. गाडीचं आरसी बुक जपता तसं जपा.

---

द्राक्षबाग_सावळज

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना धागा वाचून दाखवला. मांडुरंगवर इतके हसले की प्लेट खाली आली.

डॉक्टरसाहेब, एकच विचारतो. सर्जन निवडायचा कसा? आणि सांगली की बाहेर?

---

दाढदुखी

सर्जन एकटा निवडू नका, जोडी निवडा. बसवणारा सर्जन आणि त्यावर दात करणारा प्रोस्थोडॉन्टिस्ट हे ऑपरेशनच्या आधी एकत्र बसलेत का, हा पहिला प्रश्न विचारा. योग्य क्रम उलटा असतो: आधी मेणात दात लावून तोंडात बघायचे, ओठ किती भरला, चावा कुठे येतो ते ठरवायचं, त्या दातांसकट सीटी करायचा, आणि मग त्या दातांखाली येतील असे इम्प्लांट आखायचे. हाड मिळालं तिथे इम्प्लांट ठोकून रुग्णाला 'आता दात करून घ्या' म्हणून पाठवलं, की त्यातला एखादा जिभेच्या जागेत नाहीतर गालात निघतो आणि आम्ही डोकं धरून बसतो. जबडा काढलेल्या किती रुग्णांत त्यांनी हे केलंय ते विचारा. साध्या झायगोमॅटिकचा आकडा इथे कामाचा नाही. आणि जुन्या रुग्णाशी बोलू द्याल का, हेही.

सांगलीत, कवलापूरला आणि कराडला दंत महाविद्यालयं आहेत, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणी, तोंड उघडण्याचे व्यायाम, प्लेटची दुरुस्ती, पुढची देखभाल हे इथे व्हायला हरकत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलला दंत आणि कृत्रिम अवयवांचा स्वतंत्र विभाग आहे, कर्करोगाच्या रुग्णांना तो रस्ता आहेच. ऑपरेशन पुण्यात झालं तरी चालेल, पण स्क्रू ढिला झाल्यावर तासाभरात पोचता येईल असा माणूस आधी ठरवा. तंबोरासाहेब बरोबर बोललेत.

---

लॅबवाला_विश्रामबाग

उशिरा आलो. मी दातांची लॅब चालवतो, असल्या प्लेटा आमच्याकडे होतात. चार शब्द आमच्या बाजूने.

प्लेट जड वाटत असेल तर आधी ती पोकळ आहे का बघा. भोकात जाणारा गोळा भरीव केला तर वजन विनाकारण वाढतं. तो आतून पोकळ करून वर झाकण चिकटवायचं असतं. हलवून बघा, आत पाणी खुळखुळलं तर झाकणाची सांध गळतेय, वासाचं कारण बहुतेकदा तेच. इम्प्लांट होईपर्यंत अण्णांना निदान हलकी प्लेट मिळाली तरी बराच फरक पडेल, आणि हे काम लाखांचं नाही.

माप घेताना पोकळीत व्हॅसलीनचं गॉज दोरा बांधून भरायला सांगा. माप घ्यायचं मटेरियल वर नाकाच्या खबदाडीत अडकून तुटलं की काढताना पेशंटचे हाल होतात. तोंड कमी उघडत असेल तर दोन तुकड्यांचा ट्रे असतो, तो वापरता येतो.

बारचं काम असेल तर लॅबवाल्याला घाई लावू नका. बार चारही इम्प्लांटवर जोर न लावता आपसूक बसला पाहिजे. एका बाजूचा स्क्रू लावला आणि दुसरं टोक जरा जरी उचललं, तर तो कसून बसवायचा नाही, परत पाठवायचा. कसून बसवलेला बार रोज हाडाला ओढत राहतो.

---

द्राक्षबाग_सावळज

हलवून बघितली. खुळखुळते!

सोमवारी प्लेट घेऊन कॉलेजला जातो. साखरेसाठी फिजिशियनची वेळ घेतलीय. काड्यांचा व्यायाम आई करून घेणार आहे, तिचा धाक जास्त. लॅबवाले दादा, नवी हलकी झाली की ही जुनी टाकून दिली तर चालेल ना?

---

लॅबवाला_विश्रामबाग

मुळीच टाकू नका. झाकण नव्याने बसवून, धुऊन, पाण्याच्या डबीत ठेवा. ऑपरेशन झाल्यावर बार बसेपर्यंत भोक झाकायला काहीतरी लागतंच. तेव्हा जुनी प्लेट आतून कोरून, इम्प्लांटच्या डोक्यांना लागणार नाही अशी करून, मऊ अस्तर लावून देतात. उकळत्या पाण्यात घालू नका, वाकते. आणि कुत्र्यापासून लांब ठेवा, हे गमतीने सांगत नाही, दर वर्षी दोन-तीन चावलेल्या प्लेटा आमच्याकडे येतात.